निळ्या दोरीचे पुडे

१

सोमवारी सकाळी साबणखोली उघडून मेट्रनबाईंनी टेबल पुसलं न पुसलं तोच कंडक्टरताईंनी त्यावर एक तपकिरी पुडा आपटला.

"बाई, ही काय थट्टा आहे?"

मेट्रनबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पुडा फाटलेला होता. आत पाच फडकी होती. पांढरी, कोरी, चौकोनी, कडेने मशीनची शिलाई मारलेली आणि इस्त्री करून घडी घातलेली. पाहुण्यांसमोर ठेवायलाही लाज वाटू नये, इतकी छान फडकी.

"यात पॅड हवे होते," मेट्रनबाई म्हणाल्या.

"हवे होते ना? मला वाटलं, मलाच वेड लागलं! पोरीला पहाटे अचानक गरज पडली. पुडा काढला तर गाठ सुटेना. सुरीनं कापली. आणि आतून हे निघालं! आज तिची शाळेत प्रयोगाची परीक्षा होती. घरी बसलीय रडत." कंडक्टरताईंच्या खांद्यावर तिकिटांची पिशवी तशीच होती, म्हणजे ड्यूटी अर्ध्यावर टाकून आल्या होत्या. "सहा महिन्यांत तिचा एक दिवस बुडला नव्हता. पहिल्यांदा बुडला. आणि हो, तुमचा तो पातळ साबणही बघा एकदा. अर्धी वाटी हातावर ओतली तरी फेस म्हणून नाही."

"एका वेळी एकच भांडण करा ताई," मेट्रनबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मेट्रनबाई म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन. एकतीस वर्षं वॉर्ड चालवले. चादरींचा गठ्ठा नुसता बघून किती आहेत ते सांगणार आणि एक कमी असेल तर कुणाच्या पलंगाखाली आहे तेही सांगणार. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात. यांनी बंद पडलेल्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या झाडून घेतल्या आणि साबणखोली थाटली. भाकरी आणि औषध यातून काही उरलं तरच ज्या घरात साबण येतो, अशा सव्वाशे घरांना दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथून अंगाचा साबण, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, तान्ह्या मुलांसाठी डायपर आणि बायकामुलींसाठी पॅड मिळायचे. पातळ साबण मात्र ज्याने त्याने आपल्या बाटलीत पिंपाच्या तोटीतून भरून घ्यायचा.

प्रत्येक वस्तू तपकिरी कागदात बांधलेली असायची. कोणी काय फुकट नेलं ते रस्त्याने कुणाला वाचता येऊ नये, म्हणून. दोरीच्या रंगावरून ओळखायचं. पांढरी दोरी साबणाची, लाल डायपरची आणि निळी पॅडची. गंमत अशी की साबणाला सगळे साबण म्हणायचे, डायपरला डायपर म्हणायचे, आणि पॅडला मात्र नुसतं 'निळी दोरी' म्हणायचे. "बाई, एक निळी दोरी." संपलं. निळी दोरी पुरुषमाणसाने उघडायची नाही, असा नियमही होता.

या महिन्यात निळे पुडे तीस होते. तेवीस शनिवारी गेले होते. सात अजून फळीवर होते. मेट्रनबाईंनी पहिला उतरवला आणि दोरी ओढली. गाठ सुटली नाही, उलट आणखी आवळली. त्यांनी कात्री घेतली.

पाच फडकी.

दुसरा. तिसरा. सातव्या पुड्याची दोरी कापताना त्यांना बघायचीही गरज नव्हती. टेबलावर पस्तीस कोऱ्या फडक्यांची चळत झाली आणि त्यांच्या मनात एकच हिशेब उरला. तेवीस घरांत आज ना उद्या कुणीतरी असाच पुडा घाईघाईने उघडणार होतं.

२

साबणखोलीच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष दुपारी आले. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. माणूस सभ्य, बोलणं मऊ, कपड्यांची घडी मोडायची नाही. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. फक्त अवघड विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघत.

आताही ते खिडकीबाहेर बघत होते. "उघड आहे मेट्रनबाई. मावशींनी माल बाहेर विकला आणि चिंध्या भरल्या."

मावशी म्हणजे पुडे बांधणाऱ्या. बाकीच्या वस्तू खोलीतच बांधल्या जात, पण पॅडचा घाऊक माल सुटा यायचा. तो दहा-दहाने लावून बांधायचं काम मावशी आपल्या घरी बसून करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या याच खोलीत रांगेत उभ्या राहायच्या. मेट्रनबाईंनीच त्यांना काम दिलं होतं.

"या चिंध्या नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या. "हात लावून बघा."

साहेबांनी हात मागे घेतला. "ते जाऊ द्या. बुधवारी पाचला बैठक आहे. मावशींना कामावरून कमी करायचं. आणि खरं सांगू का, हा प्रकारच बंद करू. साबण द्या, पेस्ट द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे भानगडही नाही. ही... ही निळी दोरी नकोच."

"आणि मुलींनी काय करायचं?"

"पूर्वी करत होत्याच की काहीतरी!"

"पूर्वी घरी बसत होत्या," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना संताप आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "बुधवारी पाच म्हणालात ना? तोवर कुणाला काढायचं नाही आणि काही बंद करायचं नाही. पाच वाजता मी तुम्हाला माणूस दाखवते."

"कोण आहे ते कळलंय तुम्हाला?"

"अजून नाही. पण चोरी या खोलीत झालेली नाही, एवढं कळलंय."

साहेब पहिल्यांदाच खिडकीपासून वळले. मेट्रनबाईंनी कापलेल्या सात कागदांचे तुकडे त्यांच्यापुढे पसरले. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने 'बरोबर'ची खूण होती. शुक्रवारी चार वाजता टेम्पोतून माल उतरला तेव्हा मेट्रनबाईंनी एकेका पुड्यावर ती केली होती. वॉर्डातली सवय होती ती. धुऊन आलेली चादर खूण केल्याशिवाय कपाटात जायची नाही.

"पेन्सिल माझ्या पर्समध्ये असते आणि पर्स माझ्यासोबत घरी येते. म्हणजे खूण केली तेव्हा हेच पुडे होते. फडकी शुक्रवारी चारच्या आधीच आत गेली होती."

"म्हणजे मावशीच!" साहेब म्हणाले, आणि गंमत अशी की त्या क्षणी मेट्रनबाईंनाही दुसरं नाव सुचलं नाही.

३

तरी त्या आधी शेजारच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराकडे खोलीची जादा किल्ली असायची. खुणेवरून तो सुटला होताच, पण ज्याला बोलायची हौस आहे अशा माणसाला विचारल्याशिवाय सोडू नये, असं त्यांचं मत होतं.

"माझ्यावर संशय घ्यायला आलात? घ्या, घ्या!" औषधवाले गल्ल्यामागून म्हणाले. "कारण तर आहेच माझ्याकडे. तुम्ही फुकट वाटता, माझं गिऱ्हाईक तुटतं. मी तोंडावर बोललोय तुम्हाला."

"दहा वेळा बोललात."

"बारा. पण एक ऐका. तीनशे पॅड, तेही सुटे, बिनछापाचे. चोरून विकणार कुठे? या भागात दुकान एकच, ते माझं. माझ्याकडे कोणी आलं नाही. आणि आलं असतं तर मी तंगडी तोडली असती." ते थोडे खाली वाकले. "दुसरं. ती फडकी तुमच्या टेबलावर पाहिली मी. चोर पुडा कशाने भरतो? रद्दीने. गवताने. इस्त्री केलेल्या फडक्यांनी भरणारा चोर मी या वयापर्यंत पाहिलेला नाही. त्या कापडाला पॅडपेक्षा जास्त पैसे पडले असतील."

मेट्रनबाई दुकानाबाहेर येऊन तशाच उभ्या राहिल्या. माणूस तिरसट, पण बोलला ते सोळा आणे खरं होतं. चोराने चोरीत तोटा करून घेतला होता.

मावशींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खोली एवढीशी, पण जमिनीवर बसलं तर साडीला धूळ लागायची नाही. मावशींनी दार उघडलं आणि पाणीही न विचारता म्हणाल्या, "मला कळलंय सगळं. विचारा."

"तुम्ही काय भरलंत मावशी?"

"जे भरते तेच. दहा-दहा. हात धुऊन, स्वच्छ चादरीवर बसून." मावशींनी कंबरेवर हात ठेवले. "रांगेत उभी राहत होते तेव्हा कुणी चोर म्हणालं नाही. काम करायला लागले आणि झाले चोर. वा!"

मेट्रनबाई जमिनीवर बसल्या. त्यांनी पिशवीतून सातव्या पुड्याचा कागद काढला. त्याची गाठ त्यांनी मुद्दाम न सोडता दोरी दुसरीकडून कापली होती. "ही गाठ तुमचीच ना?"

मावशींनी ती हातात घेतली, खिडकीजवळ नेली आणि एकदम हसल्या. ते हसू रागाचं होतं.

"ही माझी? बाई, माझी गाठ एका ओढीत सुटते. मुद्दाम तशी मारते मी. पोरगी आत असते, बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं, घाई असते, हात ओले असतात. तिथं काय दोरीशी कुस्ती खेळायची? ही गाठ बघा. ओढाल तितकी आवळते. ही बाईमाणसाच्या कामाची नाही. हिनं म्हैस बांधावी."

मेट्रनबाईंनी गाठ परत घेतली. कंडक्टरताईंनी सुरी घेतली होती. त्यांनी स्वतः कात्री घेतली होती. आणि शुक्रवारी खूण करताना पुडे पालथे होते, गाठ खाली होती. ती बघितली असती तर तिथेच कळलं असतं! स्वतःचा असा राग त्यांना फार वर्षांत आला नव्हता.

"मावशी, पुडे घरातून कधी गेले?"

"गुरुवारी दुपारी. दरवेळी जातात तसे. ड्रायव्हर येतो, पोतं उचलतो, खाली बघून जिना उतरतो. कागदाचा नवा गठ्ठा आणि दोरीचं बंडल आणायचं होतं त्याला, पण म्हणाला, गाडीतच राहिलंय, पुढच्या वेळी देतो."

"गुरुवारी दुपारी उचलले," मेट्रनबाई हळू म्हणाल्या, "आणि माझ्याकडे आले शुक्रवारी चारला."

४

ड्रायव्हर टेम्पोच्या पायरीवर बसून डबा खात होता. वय तिशीच्या आतबाहेर, कामाला लागून पाच महिने झालेले. बाईंना पाहताच उभा राहिला आणि डबा मागे लपवला. जणू जेवणं हाही गुन्हा होता.

"जेवा हो. मी काय इंजेक्शन घेऊन आलेली नाही."

मेट्रनबाई टेम्पोला एक फेरी मारून आल्या. हा टेम्पो त्या ओळखत होत्या. याच्या फळ्यांवर चिखलाचे इतके थर असायचे की त्यात बी पडलं असतं तर उगवलं असतं. आज फळ्या पांढऱ्या दिसत होत्या. सांध्यासांध्यातला मळ निघालेला. इस्पितळाची शस्त्रक्रियेची खोलीसुद्धा इतकी घासली जात नसे.

"गाडी छान धुतलीत."

"धुतली म्हणजे... धुतली गेली," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावू लागला.

"गुरुवारी पुडे उचलल्यावर कुठे गेलात?"

"साबणाच्या कारखान्यात. पातळ साबणाचं पिंप घेतलं. मग घरी. शुक्रवारी घाऊकवाल्याकडून खोकी घेतली आणि तुमच्याकडे आलो. दर महिन्याचा हाच रस्ता आहे, बाई."

"घरी कोण असतं?"

"आम्ही दोघे भाऊ. आई लहानपणीच गेली. थोरला पडदे शिवतो. तो मशीनवर आणि मी गाडीवर. घरात बाईमाणूस असं कोणी नाही."

"पुडे नीट होते ना वाटेत?"

त्याने कपाळ पुसलं. "मऊ माल तो. त्याला काय होणार?" मग एकदम काकुळतीने म्हणाला, "मावशींना खरंच काढणार का, बाई? काय चोरलं त्यांनी? सगळे म्हणतात, निळ्या पुड्यातला माल गेला. पण माल तर होता ना पुड्यात!"

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. औषध घेतलं म्हणणारी, पथ्य पाळलं म्हणणारी. हा एका गोष्टीबाबत नक्की खोटं बोलत होता. पण शेवटचा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता, आणि त्याला त्याचं उत्तर खरोखरच ठाऊक नव्हतं.

खोलीवर परत आल्यावर त्या नळापाशी गेल्या, पिंपातला थोडा पातळ साबण हातावर घेतला आणि चोळला. कंडक्टरताई म्हणाल्या होत्या तसंच होतं. नुसतं रंगीत पाणी.

हात तसेच ओले ठेवून त्या उभ्या राहिल्या. पिंप मावशींच्या घरी कधीच जात नाही. ते कारखान्यातून थेट इथे येतं. पुडे कारखान्यात बनत नाहीत. साबणात पाणी आणि पुड्यात फडकी, एकाच महिन्यात.

मग त्यांना सगळं दिसलं, आणि त्यात स्वतःचा हातही दिसला. तो त्यांना अजिबात आवडला नाही.

५

बुधवारी पाच वाजता खोलीत सहा माणसं होती. साहेब खुर्चीवर. मावशी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. औषधवाले आमंत्रण नसताना आलेले. कंडक्टरताई ड्यूटी संपवून. ड्रायव्हर दारात, अर्धा आत, अर्धा बाहेर. मेट्रनबाई टेबलापाशी उभ्या होत्या.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, "माझी खूण सांगते की फडकी शुक्रवारी चारच्या आधी आत गेली. तोवर पुडे दोघांच्याच हाती होते, मावशी आणि ड्रायव्हरदादा. दुसरी गोष्ट, गाठ. मावशींची गाठ एका ओढीत सुटते. ही ओढली की आवळते. गाडीवर ताडपत्री बांधतात ती ही गाठ. टेम्पोच्या मागे चार लोंबताहेत, बघून या हवं तर."

कोणी उठलं नाही. सगळे दाराकडे बघू लागले. ड्रायव्हर पूर्ण आत आला, कारण आता बाहेर जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"तिसरी गोष्ट साबण. या महिन्याचा साबण पाणी घातलेला आहे. पिंप आणि पुडे या खोलीत येण्याआधी एकाच जागी एकत्र होते. टेम्पोत. आणि टेम्पोच्या फळ्या आज आरशासारख्या आहेत. दादा, पिंप कुठे सांडलं?"

"वळणावर," ड्रायव्हर म्हणाला. "कुत्रं आडवं आलं. ब्रेक मारला. पिंप कलंडलं, झाकण उडालं. तिसरा हिस्सा साबण गेला. पुड्यांचं पोतं खालीच होतं. सगळे पुडे भिजून फुगले."

"आणि तुम्ही पिंपात पाणी घातलंत."

"घातलं. ते माझं चुकलं. नोकरी जाईल म्हणून घातलं."

"मग पुड्यांचंही तेच!" साहेब म्हणाले. "माल फेकला आणि चिंध्या भरल्या. चोर नाही तर लबाड."

"थांबा साहेब. इथेच तर खरं कोडं आहे." मेट्रनबाईंनी एक फडकं उचललं. "लबाड माणसाने रद्दी भरली असती. हे कापड कोरं आहे. दीडशे तुकडे कापले, कडा शिवल्या, इस्त्री केली. दोन भावांची गुरुवारची अख्खी रात्र आणि अर्धा शुक्रवार गेला असेल. मी दोन दिवस विचार करत होते, पॅड काढून इतक्या निगुतीने फडकी कोण भरेल? मावशी भरणार नाहीत, त्यांना आत काय हवं ते माहीत आहे. औषधवाले भरणार नाहीत, ते तर विकतातच. भरेल कोण? ज्याला वाटतंय की आत फडकीच असतात."

त्या ड्रायव्हरकडे वळल्या.

"दादा, भिजलेले पुडे उघडून पाहिलेत?"

"नाही!" तो दचकून म्हणाला. "नियम आहे ना? निळी दोरी पुरुषमाणसाने उघडायची नाही. तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतंत. मी तसेच्या तसे मातीत पुरले. वरून दाबून पाहिले होते फक्त. मऊ लागलं, घडीचं लागलं, हाताएवढं. म्हटलं, फडकी असणार. स्वयंपाकघरातली." तो घाईघाईने पुढे बोलत होता, एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "लागलो तेव्हा साहेबांना विचारलं होतं मी, यात काय असतं म्हणून. साहेब म्हणाले, बायकांचं काहीतरी, तुला काय करायचंय. मग म्हटलं, फडकीच. भावाला सांगितलं, चांगलं कापड घे, गरिबाघरी जायचंय, धुतल्यावर विरायला नको. कागद आणि दोरी गाडीत होतीच." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "काय असतं मग त्यात?"

औषधवाले खोकले. कंडक्टरताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. मावशींनी हाताची घडी सोडली. तीन दिवस ज्याला शिव्या घालायच्या म्हणून त्या वाट बघत होत्या, तो हा असा निघाला होता.

"सॅनिटरी पॅड असतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "पाळीच्या वेळी वापरायचे. कळलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. "म्हणजे... त्या तेवीस घरी..."

"हो."

"मी काय केलं हे!"

"तुम्ही केलंत ते चुकून केलंत. मी केलं ते शहाणपणाने केलं." मेट्रनबाईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "एकतीस वर्षं वॉर्डात सगळ्या गोष्टींची नावं घेतली मी. मोठ्यांदा. इथे आले आणि म्हटलं, बायका लाजतात, नको बोलायला. पुडा झाकायचा होता, मी शब्दसुद्धा झाकला. उघडू नका, विचारू नका. आणि हा नियम शंभर टक्के पाळणारा एकच माणूस भेटला, तर त्यानेच तेवीस मुलींची पंचाईत केली. मावशी, तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ करा."

"उठा, पुरे," मावशी म्हणाल्या. मेट्रनबाई बसलेल्या नव्हत्याच, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

६

साहेबांनी फाईल मिटली. "बरं झालं. चोरी नाही, मावशी निर्दोष, आनंद आहे. दुसरा ठराव मात्र घेऊ. असे घोळ पुन्हा नकोत. तो प्रकार बंद करू. सह्या करा."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मेट्रनबाईंनी पेन घेतलं, कागद वाचला आणि परत सरकवला.

"यात लिहिलंय, 'सदर वस्तूचे वाटप बंद करण्यात येत आहे.' कोणती वस्तू?"

"माहीत आहे की तुम्हाला."

"मला आहे. दादांना आता कळलं. तुम्ही सांगा. काय बंद करायचं ते नाव घेऊन सांगा, मी या क्षणी सही करते."

साहेब खिडकीकडे बघू लागले. मेट्रनबाई जाऊन खिडकीसमोर उभ्या राहिल्या. बघायला दुसरं काही उरलं नाही.

"हा पोरकटपणा आहे," साहेब म्हणाले.

"असेल. माझी मुलगी सोमवारी परीक्षेला गेली नाही," कंडक्टरताई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "ती का गेली नाही, ते तिनं शाळेतल्या बाईंना लिहून द्यायचंय. तेरा वर्षांची आहे. ती लिहिणार आहे साहेब, खरं कारण. तुम्हाला नुसतं बोलायचंय."

साहेब साठीचे होते आणि त्यांच्या घरात बायको, दोन मुली आणि एक सून होती. त्यांच्यापैकी कुणीही हा शब्द त्यांच्यासमोर कधी उच्चारला नव्हता, कारण त्यांनी तशी वेळच येऊ दिली नव्हती. ते आता त्यांना आठवत असावं, कारण चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पॅड," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही," कंडक्टरताई म्हणाल्या.

"सॅनिटरी पॅड."

"हं. बंद करायचे?"

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग कंडक्टरताईंकडे. या वेळी त्यांनी नजर वळवली नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि खिशात टाकला. "नाही," ते म्हणाले.

"मग आता या महिन्याचं बोला," औषधवाले उठत म्हणाले. "तीस पुडे माझ्याकडून. खरेदीच्या भावाने देतो, वर एक पैसा नको. उपकार नाहीत हं! पोरी शाळा शिकल्या, नोकरीला लागल्या, की माझ्याकडूनच विकत घेणार आहेत."

"पैसे माझ्या पगारातून कापा," ड्रायव्हर म्हणाला. "आणि साबणाचेही."

"साबणाचे कापू. पाणी घातलंत त्याची शिक्षा," मेट्रनबाई म्हणाल्या. "पॅडचे मंडळ देईल. कुत्रं मंडळाच्या कामावर असतानाच आडवं आलं. हो ना, साहेब?"

साहेबांनी मान हलवली.

औषधवाल्यांनी शेजारच्या दुकानातून माल आणून दिला. मावशींनी तिथेच जमिनीवर चादर पसरली, हात धुतले आणि बांधायला बसल्या. ड्रायव्हर कागद फाडून द्यायला बसला. पाचव्या पुड्यानंतर मावशींनी त्याला एका ओढीत सुटणारी गाठ शिकवली. आठव्या प्रयत्नात ती त्याला जमली. दिवस अजून मावळला नव्हता. तेवीस घरं रात्रीच्या जेवणाआधी होण्यासारखी होती.

"साहेब, तुम्हीही चला," मेट्रनबाई म्हणाल्या. "पुढे दोघांना जागा आहे, मी मागे बसते. फळ्या स्वच्छ आहेत."

साहेब काय उत्तर देतात याची त्यांना उत्सुकता होती. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि पुड्यांचं पोतं एका बाजूने धरलं.

पहिल्या घराचा जिना अरुंद होता. साहेब पुढे, ड्रायव्हर मागे. दार एका म्हातारीने उघडलं. तिने साहेबांच्या कडक कॉलरकडे पाहिलं, हातातल्या पुड्याकडे पाहिलं आणि दार अर्धवट लावून घेतलं.

"काय आहे?"

"आजी," साहेब म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. "सॅनिटरी पॅड आहेत. नातीसाठी. शनिवारी चुकीचा माल आला होता. चूक आमची."

म्हातारीने दार सताड उघडलं.

"मग असं नीट सांगा ना," ती पुडा ओढून घेत म्हणाली. "मी म्हटलं, आणखी फडकी आणलीत की काय!"